घंटी झाली की भाकरी

ओटीवर बाबांची सायकल उभी आहे. भिंतीला टेकून, पुढचं चाक जरा आत वळवून, दमलेला बैल मान वळवून उभा राहतो तशी. सीटवर गोणपाट, कॅरिअरला गुंडाळलेली रबराची दोरी. हँडल सगळं गंजून तांबूस झालंय. फक्त उजव्या मुठीच्या आत, बोटभर जागेत, अजून नव्यासारखं चकचकीत आहे. इतकी वर्षं तिथं घंटी होती, म्हणून त्या जागेला ऊन-पाऊस कधी लागलाच नाही.

सकाळी लोधिवलीच्या फाट्यावर उतरले. हायवे ओलांडायला कितीतरी वेळ उभी राहिले, पाऊल टाकायचं आणि मागं घ्यायचं, असं. शेवटी एका शाळेच्या बसवाल्यानं गाडी हळू केली, तेव्हा धावत सुटले. त्या माणसाचं भलं होवो. घरी आले, आणि आयच्या पाया पडायच्या आधी माझा हात त्या चकचकीत जागेवर गेला.

आय दारातून बघत होती. म्हणाली, "सायकलला भेटायला आलीस का आमाला?"

लहानपणी आमच्या आळीत संध्याकाळ घड्याळावर होत नसे. तिकडे मोहोपाड्याला कारखान्यांतून माणसं सुटायची, दांड फाट्याला हायवेवर यायची, आणि ट्रकांच्या कडेकडेनं एकामागं एक सायकली गावाकडे निघायच्या. हायवे सोडून गावच्या रस्त्याला लागलं की पिंपळाचं वळण आहे. तिथं आलं की प्रत्येकानं घंटी वाजवायची. असा नियम कुणी केला नव्हता, पण वाजवायचे. ती वाजली की त्या त्या घरातली बाई भाकरी थापायला घ्यायची. त्याआधी नाही. उकड काढून तांदळाचं पीठ मळलेलं असे, तवा तापलेला असे, चुलीतलं लाकूड मागं ओढून ठेवलेलं असे. पण भाकरी घंटीनंतरच. माणूस हायवेवर असताना भाकरी टाकत नाहीत, असं बाया म्हणायच्या. का, म्हणून विचारलं तर, "नाय टाकत," एवढंच उत्तर.

पिंपळापासून दारापर्यंत सायकल यायला, बाबांनी पाय धुवायला आणि पहिली भाकरी फुगायला बरोबर सारखाच वेळ लागायचा. त्या फुगलेल्या भाकरीची वाफ, बाबांच्या कपड्यांना येणारा कारखान्याचा कडवट वास, आणि चेनीच्या ग्रीसचा वास, हे तिन्ही एकदम आले की माझ्या पोटातली गाठ सुटायची. मग मला भूक लागायची. त्याआधी कधी लागलीच नाही.

कारण माझा एक कान कायम पिंपळाकडे. बाकीची पोरं लंगडी खेळायची, मी ओटीच्या खांबाला धरून बसलेली. आय म्हणायची, "ही पोरगी जन्माला आली तीच म्हातारी होऊन." तिचं खोटं नव्हतं. मला आळीतल्या सगळ्या घंट्या ओळखू यायच्या. एक नुसतीच टक टक करायची, कारण तिची वाटी पडून हरवली होती. एक बारीक, बांगड्यांसारखी. बाबांची सगळ्यांत जुनी, जाड. आधी जराशी खरखर आणि मग लांबच लांब नाद, देवळातून कुणी नुकतंच बाहेर गेल्यासारखा.

शेजारच्या यमीकाकीची आणि आयची रोज पैज लागायची.

"आली गं तुझ्या धन्याची."

"ही आमच्याची नाय. आमच्याची त्याच्यावानीच. एकदा बोलती नि गप बसती."

"मंग ही खोकली कोन?"

"तुजाच दादला. बिड्या कमी कर म्हनावं, घंटीला पन दमा लागला."

मग दोघी हसत हसत आपापल्या चुलीकडे जायच्या, आणि आळीभर भाकरी थापल्याचा थप थप थप आवाज सुरू व्हायचा. आळीत पाऊस पडावा तसा. आता तो आवाज मला कुठंच ऐकू येत नाही. गॅसच्या ओट्यावर उभ्यानं थापलेल्या भाकरीला तो घुमारा येत नाही.

एका संध्याकाळी यमीकाकीच्या घरची घंटी आली नाही. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच डोळ्यांपुढे आहे, की परातीतलं पीठ ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आयनं ती परात उचलून गोठ्यात नेली.

पुढं माझी शाळाही सुटली. आठवीच्या वर्गातला माझा खिडकीजवळचा बाक, खिडकीतून दिसणारा इर्शाळगडाचा सुळका, आणि खडूचा वास, एवढं बरोबर आलं. बाकी सगळं शाळेतच राहिलं.

मग मीही बाबांच्या मागून सायकलीवरून मोहोपाड्याला जायला लागले, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. आयला दोन घंट्यांची वाट बघायला लागली. बाबांनी मला हायवेवर सायकल चालवायला शिकवलं, आणि ते शिकवणं म्हणजे चालवायला कमी आणि उतरायला जास्त.

"सायकल कानावर चालवायची, डोळ्यांवर नाय," ते ओरडून सांगायचे, मागं न बघता. "मागनं आवाज आला, उतर. आवाज मोठा झाला, मातीत घे. डांबर त्यांचं, माती आपली. कळलं का गं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"माती आपली."

ट्रक जाताना वाऱ्याचा असा फटका बसायचा की ओढणी तोंडावर यायची आणि दातांत धूळ. बाबांचे खांदे त्या रस्त्यावर कायम कानांशी टेकलेले असायचे. मला वाटायचं, त्यांची पाठ तशीच आहे. काही माणसं उंच खांद्यांची असतात.

पण एक रस्ता असा होता की तिथं आम्हाला उतरावं लागत नसे. चौकहून कर्जतकडे जाणारा. सुट्टीच्या दिवशी बाबा मला आत्याकडे घेऊन जायचे. आत्याचं गाव कर्जतच्या अलीकडे, उल्हास नदीजवळ. त्या रस्त्याला तेव्हा गाड्याच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. एखादी एसटी, एखादा दूधवाला, पेंढ्याची बैलगाडी. पावसाळा सरून भात कापून झालं की खाचरांतून वाल पेरलेला असायचा, आणि सकाळी दव असताना वालाच्या फुलांचा असा वास सुटायचा की सायकल आपोआप हळू व्हायची. शिमग्याच्या सुमारास गेलं तर उतारांवर पालापाचोळा पसरून राब भाजलेले, निळा धूर रस्त्यावरून आडवा जाणारा. चढ आला की बाबा पायडलवर उभे राहायचे. उतार आला की दोघांचेही पाय थांबायचे, आणि चाकांचा नुसता कुर्र आवाज, बस. त्या आवाजात मी कितीतरी मैल काही न बोलता गेले आहे.

वाट विचारायची नाही, हे बाबांचं दुसरं शिक्षण. "डोंगर बगायचा. जाताना इर्शाळ डाव्या अंगाला, येताना उजव्या. इर्शाळ मागं पडला की माथेरानची भिंत हाय. मोहोपाड्याला जाशील तर म्होरं माणिकगड. डोंगर कुटं जात नाय. डोंगर दिसला की माणूस घरी आला."

परत निघताना आत्या अंगणाबाहेर येऊन उभी राहायची. "घंटी वाजवत जा रं दादा. ऐकू येत्येय तंवर मी हितंच हाय." बाबा वळणावळणाला वाजवत राहायचे. मी मागं बघायची, तर आत्या कानाशी हात धरून उभी, बारीक बारीक होत गेलेली.

आता तो रस्ता रुंद झालाय. दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भिंती, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. आत्या रस्त्यापलीकडच्या दुकानात जायलासुद्धा कुणाला तरी सोबत घेते.

लग्न झालं ते फिटरशी. कारखाना थोडे दिवस बंद ठेवून आतल्या नळ्या-टाक्या दुरुस्त करतात, त्या कामाला आमच्या भागातली पोरं देशभर जातात. तसे आम्ही फिरत फिरत कोचीला गेलो आणि तिथंच राहिलो. शहराच्या उत्तरेला समुद्र आणि खाडी यांच्या मधे चिंचोळी बेटं आहेत. त्यातल्या एका बेटावर आम्हाला खोली मिळाली. घरमालकीण कोळंबीची शेती करते. तिला सगळे चेची म्हणतात, म्हणजे ताई. ती मला मोळे म्हणते, म्हणजे पोरी. पहिलं वर्षभर आमच्यात एवढे दोनच शब्द होते, आणि त्या दोन शब्दांवर तिनं मला तापात कांजी, म्हणजे पेज पाजली, बाजार दाखवला, आणि तिच्या बहिणीची जुनी सायकल काढून दिली.

तिथली जमीन मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घाबरले होते. सगळं सपाट. जिकडं बघावं तिकडं पाणी, पाण्यात उंच वाढलेलं भात, आणि भात कापलं की त्याच खाचरांत भरतीचं खारं पाणी घेऊन कोळंबी सोडलेली. मधून बांधांवरून जाणारे अरुंद डांबरी रस्ते. बगळे, बदकं, माडांच्या रांगा. गाडी नाहीच. तासभर उभं राहिलं तर एखादा मासेवाला भोंगा वाजवत जायचा. आणि आभाळ एवढं मोठं, की अंगावर पांघरूण नसल्यासारखं वाटायचं.

मला वाटलं होतं, मला सायकल येते. पण सपाटीवरची सायकल मला येत नव्हती. तिथं उतारच नाही. पाय थांबवले की सायकल थांबते. आणि एक दिवस बांधावरून जाताना मागं मोठा आवाज झाला. काय आवाज होता ते बघायलाही मी थांबले नाही. सवयीनं उतरले आणि सायकल डावीकडं मातीत घेतली. तिथं माती नव्हतीच. गुडघाभर चिखल, कमरेएवढं पाणी, आणि वर रस्त्यावर माडाची एक वाळकी झावळी पडलेली. ती पडल्याचा आवाज होता. चेची बांधावर पोट धरधरून हसली, मग पदर खोचून पाण्यात उतरली आणि आधी मला, मग सायकलीला बाहेर काढलं. त्या दिवशी मी खूप रडले आणि खूप हसले. नंतर हळूहळू मला ते जमलं, मागं काही आलं तरी डांबरावर राहणं.

पण संध्याकाळी पोटात गाठ यायचीच. आता ती फोनवर सुटायची. बाबांची नोकरी संपली होती, तरी ते काही ना काही काढून हायवेनं सायकल काढायचेच. कधी चौकला दळण, कधी मोहोपाड्याला जुन्या सोबत्यांकडे. पूर्वी दोन ट्रकांच्या मधे सायकलीपुरती जागा असायची. आता तीही राहिली नव्हती. मी रोज विनवायची. "बाबा, सोडा आता सायकल." ते म्हणायचे, "सायकल सोडली का पाय गेले. पाय गेले का मानूस गेला." आणि फोन आयकडे द्यायचे.

मागच्या दिवाळीनंतर बाबा आमच्याकडे आले. आयला म्हैस सोडवेना, ती राहिली. पनवेलहून गाडीत बसून आले, पिशवीत आमच्या भाताचं पीठ, वाल, आणि एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली घंटी.

"ही कशाला काढून आणली?"

"तुझ्या सायकलची फोनवर ऐकली ना मी. मांजराच्या पिल्लागत वाजती. तिच्यावर कोन बाजूला व्हनार?"

इथं बाजूला व्हायला कुणी नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी पाना मागून घंटी बसवली. माझी सायकल मधल्या दांड्याशिवायची. त्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हिचा दांडा कुटं पाडलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, ते माझ्या सायकलीवर, मी चेचीच्या. बाबा रस्त्याच्या अगदी कडेनं, अर्धं चाक गवतात. प्रत्येक वळणावर घंटी. बगळे उडायचे.

"बाबा, कुणी नाय."

"नसंल. पन असला तर?"

"मधनं चालवा की."

"मधनं? माज आलाय व्हय मला?"

बोटीत सायकली चढवून आम्ही पलीकडच्या जुन्या शहरात गेलो. परक्या देशांच्या लोकांनी बांधलेली जाड पिवळ्या भिंतींची घरं, रस्त्यावर छत धरलेली अजस्र झाडं, आणि जुन्या गोदामांतून येणारा सुंठ-मिरीचा वास, इतका दाट की बाबांना शिंका आल्या. किनाऱ्यावर लाकडी वाशांना टांगलेली मोठाली चिनी जाळी. चारपाच माणसांनी जोर लावून एक वर ओढलं, तर आत मूठभर मासळी. बाबा कळवळून म्हणाले, "एवढा सांगाडा नि एवढीच मासली? ह्यांचं भागतं कसं गं?"

परत येताना बेटावरच्या सरळ रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना आरशासारखं पाणी. मी जरा मागं होते. बघता बघता बाबांची सायकल गवतातून डांबरावर आली, आणि थोड्या वेळानं रस्त्याच्या मधोमध. त्यांना ते कळलंही नसेल. आणि मग मला दिसलं की त्यांचे खांदे खाली आले आहेत. कानांपासून पार खाली. बाबांना मान आहे, लांब, चांगली मान, हे मला त्या दिवशी समजलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते पुन्हा कडेला गेले असते.

घराजवळ आल्यावर त्यांनी चहूकडे नजर फिरवली. "सगळं हाय हितं. डोंगर कुटं हाय?"

"डोंगर नाय बाबा."

"एक पन नाय?"

"नाय."

त्यांनी सायकल दाराशी टेकवली. मग म्हणाले, "मंग हितली माणसं घरी कशी येतात?"

दोन-चार दिवसांनी दुपारी बाबा एकटेच निघाले. मी म्हटलं, वाट सापडेल का. म्हणाले, "सापडंल. खूण केलीय मी." कसली खूण, ते मी विचारलं नाही. माझ्या अंगातली भीती त्यांना दिसू नये म्हणून मी हसून हात केला.

चहाची वेळ झाली, गेली. ऊन पिवळं झालं. मी फोन लावला, तर तो आतल्या खोलीतच वाजला. चार्जिंगला लावून गेले होते. आमचे हे कामावर, आणि कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत. मी बांधावर जाऊन उभी राहिले. पाण्यापलीकडे बांध, त्यापलीकडे पाणी, पुन्हा बांध. सगळे सारखेच. माणसाला ना भाषा येते, ना डोंगर दिसतो. भरती चढायला लागली होती. कडेला कुठं ओलं, कुठं निसरडं, आणि बाबांना आयुष्यभराची सवय, आवाज आला की डाव्या बाजूला मातीत घ्यायचं.

चेची आली. "अच्छन वन्नो?" तिनं विचारलं. वडील आले का? एवढं मला कळायला लागलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. ती माझ्या दाराशी कोळंबी सोलत बसली. तिच्या घरचं सगळं काम टाकून.

काय करावं सुचेना म्हणून मी बाबांनी आणलेल्या पिठाची उकड काढली. मळलं. परातीवर ओलं फडकं घातलं, आणि घातल्या घातल्या ओढून काढलं. यमीकाकीची परात आठवली. फडकं बाहेर फेकून दिलं. पीठ तसंच उघडं ठेवून मी तवा तापवला आणि बसून राहिले, ओटीच्या खांबाशी बसायची तशी, दाराच्या चौकटीला धरून. सगळी वर्षं गळून गेली. मी पुन्हा तेवढीच झाले.

सूर्य पाण्यात टेकला असेल नसेल, आणि आली.

आधी खरखर. मग लांबच लांब नाद.

मी भाकरी थापली. घाईत कडा फाटल्या, तरी टाकली. ती फुगली. म्हणजे बाबा आता दारात. मी वळून बघितलं. कुणी नाही. पुन्हा घंटी, तशीच, कुठून तरी लांबून. दुसरी भाकरी टाकली. ती फुगली, उतरली. कुणी नाही. घंटी मात्र वाजतेय. मग माझ्या लक्षात आलं. गावाला पिंपळापासून दारापर्यंत ट्रकांची घरघर असायची, घंटी जेमतेम तेवढीच पोचायची. इथं काहीच आवाज नव्हता. घंटी पाण्यावरून सरळ येत होती, आणि बाबा बांधाबांधानं वळसे घेत होते. कधी आवाज जवळ यायचा, कधी लांब जायचा.

चेचीनं माझा चेहरा बघितला, माझ्या हाताजवळची पळी उचलली, एक पातेलं घेतलं आणि बांधावर जाऊन बडवायला लागली. ठण ठण ठण. घंटी क्षणभर थांबली. मग पळीच्या रोखानं वाजायला लागली.

मी भाकऱ्या टाकत राहिले. थांबायचं भानच नव्हतं. लहानपणी ती सुटका एका भाकरीएवढी असायची, आली आणि गेली. इथं ती संपेचना. एक फुगायची, दुसरी फुगायची, बाहेर घंटी, बाहेर पातेलं, डोळ्यांतलं पाणी पिठात, आणि पोटातली गाठ सुटतेय, सुटतेय, अजून सुटतेय.

बाबा आले ते घामाघूम, गुडघ्यापर्यंत चिखल. सायकल लावली आणि टोपल्याकडे बघितलं.

"एवढ्या भाकऱ्या? कोन येनाराय?"

"तुमीच येत होता," मी म्हटलं.

पाय धुतल्यावर, दोन घोट पाणी पिऊन ते म्हणाले, "डोंगर गेला."

"काय?"

"त्या दिशी आपन आलो नाय का बोटीतनं, घरी आल्यावर मागनं दिसला. माडांच्या वर, निळा, लांबडा, माथा सपाट. थेट आपला प्रबळगड. तुला बोललो नाय. म्हटलं, ही म्हनती डोंगर नाय, हिला काय दिसतंय. रोज तितंच असायचा. आज जाताना उजव्या अंगाला धरला. परत फिरलो, बगतो तर डोंगर जाग्यावर नाय! मी म्हटलं, संपलं. म्हातारा झालो, डोकं गेलं. उतरलो, हितनं तितनं बगतो तर लांब समुद्राकडं चाललाय. डोंगर चाललाय! आनि मंग त्यानं भोंगा दिला."

जहाज होतं. बंदराला लागलेलं, माल उतरून झाला, निघून गेलं.

मी हसायला लागले ते थांबेचना. चेचीला खुणांनी सांगितलं, हाताचा डोंगर केला, तो हात हळूहळू बाजूला नेला, तोंडानं भोंगा वाजवला. ती पदरात तोंड लपवून हसली. मग तिनं गरम कोळंबीचं कालवण आणलं आणि आमच्याबरोबर बसून तांदळाची भाकरी खाल्ली. बाबा तिला म्हणाले, "ताई, पातेलं लई बेस वाजवता." तीही काहीतरी म्हणाली, काय ते कळलं नाही. पण दोघांनाही पटल्यासारखं दिसलं.

जेवताना मी विचारलं, "घाबरलात?"

"सुरवातीला. मंग वाजवत ऱ्हायलो. म्हटलं, ती ऐकत बसलीच असंल. लहानपनापास्नं दुसरं केलंय काय हिनं?"

निघायच्या दिवशी मी घंटी काढायला पाना आणला, तर बाबांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. हितं वाजव. हितं ऐकू जाती."

"आणि तुमच्या सायकलला?"

"बिनघंटीची सायकल हायवेवर कोन न्यील? मरायचंय व्हय मला?" असं म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. मला जे ऐकायचं होतं ते त्यांनी असं सांगितलं. मी पाना खिळ्याला अडकवला आणि त्यांची पिशवी भरायला घेतली.

आता संध्याकाळ झालीय. हायवेची घरघर ओटीपर्यंत ऐकू येते, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी, न थांबणारी. पिंपळ आहे, पण वळणावर आता सायकली येत नाहीत. कंपनीच्या बसगाड्या फाट्यावर माणसं सोडतात, नाहीतर मोटारसायकली. यमीकाकीच्या घराला कुलूप आहे, ती मुलीकडे नेरळला असते. बाबा ओटीवर सायकलशेजारी बसून वाल सोलताहेत. खांदे खाली. मान दिसते.

आयनं पीठ मळलंय. मी शेजारी बसून विचारलं, "आता घंटी नाय, मग भाकरी कशावर टाकतेस?"

"घंटी?" आय म्हणाली. "ती ह्या ट्रकांच्या आवाजात ऐकू येत्येय कुटं? मागची किती तरी वर्सं मी अंदाजानंच टाकत व्हते."

मी तिच्याकडे बघत राहिले. "आणि अंदाज चुकला तर?"

"तर गार भाकर. बोलला नाय कदी." तिनं लाकूड पुढं सरकवलं. तवा तापला, हातावर गोळा घेतला, तरी थापेना. बसून राहिली. मी म्हटलं, आता कशाची वाट बघतेस, माणूस तर घरात आहे.

ती गालात हसली. दाराकडे तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाली, "तवा जळतोय!"

ओटीवरून बाबांनी वालाची परडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरून, आधी जराशी खरखर काढून, तोंडानं त्यांनी लांबच लांब नाद केला.

"आला बाई," आय म्हणाली, आणि थप थप थप भाकरी थापायला लागली.